काकाचे कान, मिलगेट्सची गाणी आणि विस्कॉन्सिनमधले तीन दिवस

"दहा मिनिटांत निघायचंय" असं काका म्हणाला की आमच्याकडे कुणी जागचं हलत नाही. त्याला आवरायला किमान पाऊण तास लागतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या शुक्रवारी मात्र मी ईडन प्रेरीतल्या त्याच्या घरी पोचले तेव्हा तो बूट घालून ड्राइव्हवेमध्ये उभा होता. अंगात इस्त्रीचा शर्ट, वर निळा स्वेटर. शेजारी काकू, तिच्या पायाशी दशम्या, लसणाची चटणी आणि तिखटमिठाच्या पुऱ्या भरलेली पिशवी.

"अमेरिकेत सगळीकडे खायला मिळतं गं काकू," मी म्हटलं.

"मिळतं," ती म्हणाली, "पण खाववत नाही."

अरविंद माझा सख्खा काका, बाबांचा धाकटा भाऊ. पुण्यात इंजिनिअरिंग करून सत्तरच्या दशकात तो मिनेसोटात आला आणि इथलाच झाला. मी बऱ्याच वर्षांनी नोकरीच्या निमित्ताने आले आणि मुद्दाम त्याच्या घरापासून दहा मिनिटांवर घर घेतलं. बारा वर्षांची माझी मुलगी ईरा त्याला आजोबा म्हणते. आम्ही चौघं निघालो होतो विस्कॉन्सिनमधल्या विनेबेगो तळ्याकाठच्या एका लहानशा गावात. तिथल्या जुन्या डान्स हॉलमध्ये काकाच्या लाडक्या बँडचा उरलेला एकमेव माणूस वाजवणार होता.

बँडचं नाव मिलगेट्स. तुम्ही ऐकलं नसेल तर लाजू नका. मी लहानपणापासून ऐकलं ते फक्त घरात या नावावरून होणाऱ्या चेष्टेमुळे. साठच्या दशकात इंग्लंडच्या उत्तरेतल्या एका कापडगिरण्यांच्या गावात चार पोरांनी तो काढला. चौघांच्याही आया गिरणीत कामाला, म्हणून नाव गिरणीच्या फाटकावरून. त्यांचं पहिलं गाजलेलं गाणंही तसंच: भोंगा वाजतो, फाटक उघडतं आणि बाहेर पडणाऱ्या शेकडो बायकांत एक मुलगा आपल्या मैत्रिणीला शोधत उभा असतो. अडीच मिनिटांचं गाणं. ते आधी इंग्लंडमध्ये चाललं, मग अमेरिकेत, आणि कुणाच्या तरी सामानातून तबकडीच्या रूपाने पुण्यात कँपातल्या एका दुकानात आलं. तिथे ते काकाच्या कानावर पडलं.

आता मुद्द्याचं सांगते. काकाचे तेच कान गेल्या काही वर्षांत जवळजवळ गेलेत. श्रवणयंत्रं पुरत नाहीत. डॉक्टरांनी कॉक्लिअर इम्प्लांट सुचवलंय, म्हणजे कानामागे त्वचेखाली एक छोटं यंत्र बसवतात आणि ते आवाज थेट कानाच्या नसेपर्यंत पोचवतं. बोलणं पुन्हा कळायला लागेल, डॉक्टर म्हणाले. पण त्या कानातलं उरलंसुरलं स्वतःचं ऐकणं बहुधा जाईल, आणि संगीताचं काही सांगता येत नाही. अनेकांना ते सपाट, धातूसारखं लागतं. काहींना कालांतराने आवडू लागतं, काहींना नाही.

यामुळे काकाने ऑपरेशन दोनदा कॅन्सल केलं होतं. तिसरी तारीख ट्रिपनंतर लगेच होती. तो नेमकं काय करणार, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. काकूलाही.

पहिला दिवस

मिनिआपोलिसकडून येत असाल तर सरळ ९४ ईस्ट धरा. सेंट क्रॉय नदी ओलांडली की विस्कॉन्सिन लागतं, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथून पुढे झाडं बघत गाडी चालवणं हाच एक उद्योग असतो. ओ क्लेअरच्या आसपास एका चीजच्या दुकानात थांबलो. इथे ताजे चीज कर्ड्स घ्याच, त्या दिवशीचेच. शिळे असतील तर मजा गेली. ताजा तुकडा चावला की दातांत चक्क चूं चूं वाजतो.

"हे जिवंत आहे का?" काकूने तोंडावर हात ठेवून विचारलं.

काका मात्र खूश. "मला हे ऐकू येतंय! जबड्यातून येतंय!" दुकानात सगळे वळून बघतील अशा आवाजात तो म्हणाला. ऐकू कमी यायला लागल्यापासून तो मोठ्याने बोलतो. त्याने अर्धी पिशवी तिथेच उभ्याउभ्या संपवली.

टोमाच्या अलीकडे क्रॅनबेरीची शेतं आहेत. काढणीच्या दिवसांत शेतात पाणी सोडतात, फळं झाडावरून सुटून वर तरंगतात आणि अख्खं शेत लालभडक होऊन जातं. आम्ही कडेला गाडी लावून बघत उभे राहिलो. कमरेपर्यंतचे रबरी बूट घातलेली माणसं ती लाल साय एका कोपऱ्यात ढकलत होती.

ईराने काकाच्या बाहीला हात लावला. "आजोबा, हाऊ डू दे फ्लोट? आत एअर असते का?"

"हो हो," काका मान हलवत म्हणाला, "मलाही भूक लागलीये. आजीला म्हण, पिशवी उघड."

ईरा माझ्याकडे बघून हसली. पुन्हा विचारलं नाही. लहान मुलांचे बारीक आवाज काकाला सगळ्यात कमी कळतात. त्यात ही पोर भरभर बोलते, निम्मं इंग्लिश निम्मं मराठी. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे, पण बोलणं म्हणाल तर हाय, बाय आणि ओके. काकूनेही हे पाहिलं. दशमीवर चटणी घालता घालता ती मला हळूच म्हणाली, "पाच वर्षं मी घरात ओरडतेय गं. परवा शेजारीण विचारत होती, एव्हरीथिंग ओके? तिला वाटलं आम्ही भांडतो."

"तू सांगितलंस त्याला?"

"काय सांगायचं? ओरडून?"

टोमाला हायवे २१ घेतला. हा रस्ता दुपदरीच आहे, पण सुंदर. सूचना दोनच: वाटेतल्या प्रत्येक गावात वेगमर्यादा एकदम खाली येते, आणि पोलीस तिथेच बसलेले असतात. शिवाय या भागात मोटारी न वापरता जुन्या पद्धतीने राहणाऱ्या आमिश लोकांची वस्ती आहे. चढावरून खाली उतरताना समोर अचानक घोडागाडी येऊ शकते. मध्ये एका पाटीवर हाताने लिहिलं होतं, ताजी अंडी, रजया, रविवारी बंद. काकूला रजई बघायची होती, पण काकाला पोचायची घाई.

वाटेत तो बोलत होता. मागच्या सीटवरून, मोठ्याने, जणू व्याख्यान. कॉलेजात त्याने तीन मित्रांबरोबर बँड काढला, बेस त्याच्याकडे आला, पण बेस गिटार पुण्यात कुठे मिळणार? एका साध्या गिटारला जाड तारा लावल्या, आत मायक्रोफोनचा तुकडा डकवला आणि रेडिओला जोडली. रेडिओ दोनदा जळला. स्नेहसंमेलनात गिरणीच्या फाटकाचं गाणं गायलं, तेही मराठी शब्द घालून, कारण प्राचार्यांना इंग्रजी प्रेमगीत चालणार नव्हतं.

"आणि मराठी चाललं?" मी आरशात बघत, तोंड मोठं उघडून विचारलं.

"मराठीत मुलगा आईला शोधत होता," काका म्हणाला.

मिलगेट्सचं वेगळेपण काय, हेही त्याने समजावलं. बाकीच्या बँडमध्ये बेस म्हणजे मागे ठम ठम. यांचा रॉय नावाचा पोरगा बेसवर स्वतःचं वेगळंच गाणं वाजवायचा. वर तिघं गातायत आणि खालून हा चौथा बोटांनी गातोय. "आमच्यातला शशी पुढे मुंबईत रेकॉर्डिंगला साथ करायला लागला," काका म्हणाला. "त्याने तो बेस मराठी गाण्यांत घुसवला. तू लहानपणी जी गाणी ऐकलीस ना, त्यातल्या काहींच्या तळाशी रॉय आहे. कुणाला माहीत नाही."

संध्याकाळी पोचलो. शुक्रवारी विस्कॉन्सिनमध्ये असाल तर फिश फ्राय चुकवू नका. प्रत्येक गावात एक तरी सपर क्लब, म्हणजे जुन्या वळणाचं रेस्टॉरंट असतं: लाकडी भिंती, लाल दिवे, आत शिरल्या शिरल्या गाजरं आणि मुळ्यांची बशी. तळलेला पर्च मासा, राय ब्रेड, कोबीचं सॅलड. बटाट्याचं थालीपीठ म्हणावं असं पॅनकेक वर सफरचंदाच्या गरासह मिळतं, ते शाकाहारी काकूने खाल्लं, पर्समधली चटणी काढून. आमच्या मोटेलच्या दोन खोल्या, नाश्त्यासकट, मिनिआपोलिसमधल्या एका खोलीच्या भावात पडल्या. खिडकीतून तळं दिसत होतं.

दुसरा दिवस

कार्यक्रम दुपारी तीनचा. का, तर येणाऱ्यांपैकी निम्म्यांना अंधारात गाडी चालवता येत नाही. हे तिकिटावरच छापलं होतं, मला फार आवडलं.

डान्स हॉल पाण्याच्या अगदी काठाला आहे. पिवळं लाकूड, गोल छत, आणि मेपलची अशी जमीन की चालताना पायाखाली किंचित दबते. मिलगेट्स त्यांच्या पहिल्या अमेरिकन दौऱ्यात इथे आले होते. चौघं एकसारख्या राखाडी सुटांत, मोडक्या बसमधून, रोज एक गाव. भिंतीवर त्या दुपारचा मोठा फोटो होता. त्यातले ते चौघं इतके कोवळे होते की ईरा म्हणाली, "दे लुक लाइक द किड्स ऑन माय स्कूल बस."

फोटोपाशी पांढऱ्या केसांची एक बाई बसली होती. नाव जोॲन. ती त्या कार्यक्रमाला आली होती, चौदा वर्षांची, बहिणीचा कोट घालून.

"कसं वाजवलं त्यांनी?" मी विचारलं.

"मला काय माहीत?" ती म्हणाली. "आम्ही सगळ्या इतक्या किंचाळत होतो, एक सूर ऐकू आला नाही. आयुष्यातला सगळ्यात भारी कार्यक्रम."

मग तिनेच पुढचं सांगितलं. दोन-तीन वर्षं मिलगेट्स सगळीकडे होते. मग काळ बदलला. गाणी लांबली, केस लांबले, सगळ्यांना एकदम गंभीर व्हायचं होतं. मिलगेट्सनेही एक मोठी महत्त्वाकांक्षी रेकॉर्ड केली, त्यात गावच्या गिरणीचा ब्रास बँड घेतला, आयांच्या पिढीवर गाणी लिहिली. ती कुणी विकत घेतली नाही. दशक संपता संपता बँड फुटला. गाणारा एक जण टॅक्सी चालवायला लागला, दुसऱ्याने पब काढला. रॉय शाळेत लाकूडकाम शिकवायचा.

"आणि मग?"

"मग पोरांना ती रेकॉर्ड सापडली," जोॲन म्हणाली आणि स्टेजकडे हात केला.

स्टेजवर कॉलेजातली तीन मुलं आणि एक मुलगी साउंडचेक करत होती. मुलीचे केस हिरवे. त्यांचं पहिलंच गाणं त्या पडलेल्या रेकॉर्डमधलं होतं. ते झाल्यावर ती हिरव्या केसांची मुलगी म्हणाली की तिच्या बापाच्या पिढीतल्या कितीतरी अमेरिकन बँडनी गिटारचा तो झुळझुळता आवाज आणि तिघांचं एकत्र गाणं याच रेकॉर्डवरून उचललंय, आणि तिने त्यांच्याकडून उचललंय. "मिलगेट्सना तेव्हा माहीत असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली, "की ती पडली नव्हती. फक्त पोचायला वेळ लागला."

मला ते सगळं आवडत होतं. मी काकाकडे वळून बघितलं तर तो खुर्चीच्या टोकावर बसला होता, एका कानाचं यंत्र सतत चाचपत. मुलांचं संपलं, टाळ्या झाल्या आणि रॉय आला. ऐंशी पार केलेला, उंच, किंचित वाकलेला, बेस गळ्यात. बरोबर चार तरुण वादक. गिरणीचा भोंगा वाजला, तो ड्रमरने तोंडाने काढला होता, आणि सगळा हॉल उभा राहिला.

काकाही उभा राहिला. अर्धं गाणं झालं असेल, तो खाली बसला. पुढचं गाणं सुरू झालं. त्याने यंत्राचा आवाज वाढवला, कमी केला, एक यंत्र काढून पाहिलं. मग उठला आणि कडेच्या दाराने बाहेर गेला.

मी मागे गेले, माझ्यामागे काकू. तो लाकडी धक्क्यावर पाण्याकडे तोंड करून उभा होता.

"काय झालं रे?" त्याला दिसावं म्हणून मी समोर जाऊन विचारलं.

"आवाज येतोय," तो म्हणाला. "गाणं येत नाहीये." या वेळी तो मोठ्याने बोलला नाही. "कुठलं गाणं चालू आहे ते मला लोकांच्या ओठांवरून कळलं, मुक्ता. नुसता गोंगाट आहे. ज्याच्यासाठी मी ऑपरेशन थांबवलं ते तर आधीच गेलंय. आणि मला पत्ताच नाही."

घरी तो हेडफोन लावून ऐकायचा तेव्हा त्याला वाटायचं की ऐकू येतंय. खरं तर ते सगळं त्याला आठवत होतं. ओळखीच्या प्रत्येक सुराच्या जागी त्याचं डोकं तो सूर भरत होतं. इथे हॉलच्या घुमणाऱ्या आवाजात, नव्या वादकांबरोबर, ती सोय राहिली नाही.

काकू पुढे आली. तिने त्याचा दंड धरून त्याला आपल्याकडे वळवलं. ती ओरडली नाही. सावकाश, एकेक शब्द ओठांनी नीट काढत बोलली.

"अहो, मला ही गाणी कधीच आवडली नाहीत. चाळीस वर्षांत एकदाही नाही. पण तुम्ही भांडी पुसताना गुणगुणायचात, ते आवडायचं. ते तुम्ही कधीचंच बंद केलंत. तुम्हाला कळलंसुद्धा नाही."

काका तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"आता आत चला," ती म्हणाली. "एवढ्या लांब आलोय आपण. तुम्हाला ऐकू येत नाही तर बघा. तो माणूस तिथे आहे ना?"

ते दोघं माझ्या पुढून आत गेले. काकाने दोन्ही यंत्रं काढून खिशात टाकली आणि सरळ गर्दीतून वाट काढत स्टेजच्या डाव्या कोपऱ्याशी गेला, जिथे रॉय उभा होता आणि बेसचा कपाटाएवढा स्पीकर. ईरा आधीच तिथे पोचली होती. तिने त्याचा हात धरून स्पीकरच्या लाकडावर ठेवला. त्याने तो तिथेच ठेवला, पण त्याचे डोळे रॉयच्या डाव्या हातावर होते.

कार्यक्रम संपेपर्यंत तो त्या बोटांकडे बघत होता. काही वेळाने मला दिसलं, त्याचा स्वतःचा डावा हातही हलतोय, हवेत, छातीपाशी. कधी रॉयच्या बरोबर, कधी किंचित आधी. त्या पडलेल्या रेकॉर्डमधलं आईवरचं गाणं आलं तेव्हा काकाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो हसत होता. काकू शेजारी पर्स दोन्ही हातांत धरून उभी, पायाने ताल चुकवत.

नंतर रॉय एका टेबलाशी लोकांना भेटायला बसला. आमची पाळी आली. काकाने यंत्रं पुन्हा घातली होती. त्याने सांगितलं की तो पुण्याचा आहे, की कॉलेजात तो बेस वाजवायचा, की आम्ही तुमचं गाणं मराठीत गायलोय, की त्यात मुलगा आईला शोधतो. रॉय इतका हसला की त्याला खोकला आला.

"बरं केलंत," तो म्हणाला. "माझी आई खूश झाली असती. ती त्याच फाटकातून यायची."

मग काकाने घाबरत घाबरत ऑपरेशनचं सांगितलं. रॉयने कानामागचे केस बाजूला केले. तिथे गोल चकतीसारखं यंत्र होतं.

"हा कान करून मला काही वर्षं झाली," तो म्हणाला. "दुसरा म्हणाल तर शोभेपुरता."

काका त्या चकतीकडे बघतच राहिला. "आणि संगीत?"

"भयंकर," रॉय म्हणाला. "जिन्यावरून थाळ्या पडल्यासारखं. थोडं सुधारलं. फार नाही."

"मग तुम्ही वाजवता कसं?"

"तेव्हा कुठे ऐकू यायचं? या मुली किंचाळायच्या." त्याने जोॲनकडे बोट केलं, ती लांबून हात हलवत होती. "आम्ही एकमेकांच्या खांद्यांकडे बघून वाजवायचो. ड्रमरचा खांदा खाली आला की मी वाजवायचं. आताही तेच करतो. ही पोरं चांगली आहेत, खांदे नीट हलवतात."

काकाने आणखी एकच प्रश्न विचारला. "पश्चात्ताप होतो?"

"काही सकाळी होतो," रॉय म्हणाला. "खोटं कशाला सांगू? मग दिवस सुरू होतो, कुणीतरी काहीतरी विचारतं, आणि मला उत्तर देता येतं."

मागे रांग होती. त्याने काकाचा हात दोन्ही हातांत घेतला, बोटांची टोकं चाचपली आणि म्हणाला, "पुन्हा सुरू करा. घट्टे गेलेत."

संध्याकाळी तळ्याकाठी बसून आम्ही उरलेल्या पुऱ्या खाल्ल्या. ईराने काकाच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं.

तिसरा दिवस, आणि त्यानंतर

रविवारी त्याच रस्त्याने परत. आमिश लोकांची दुकानं बंद, त्यामुळे काकूची रजई राहिलीच. रविवारी परतणार असाल तर अशी खरेदी जातानाच उरका. ओ क्लेअरच्या पुढे कुठेतरी काका मागून म्हणाला, "ती ऑपरेशनची तारीख तशीच राहू दे, कॅन्सल नाही करायची." काकूने खिडकीबाहेर बघत मान हलवली. पुढचे कितीतरी मैल तिने तोंड वळवलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. काही आठवड्यांनी यंत्र चालू केलं तेव्हा मी तिथे होते. सिनेमात दाखवतात तसं काही घडलं नाही. काकाने तोंड वाकडं केलं. "सगळे बेडकांसारखे बोलताय," तो म्हणाला. घरी जाताना गाडीच्या इंडिकेटरचा आवाज त्याला इतका लागला की मी वळणं टाळत गेले. पहिले काही दिवस तो चिडका झाला होता. काकू मला फोनवर म्हणाली, "आता ओरडले तर म्हणतात ओरडू नकोस, आणि हळू बोलले तर म्हणतात बेडूक."

सराव म्हणून कुणीतरी रोज मोठ्याने वाचून दाखवायचं असतं. ईराने ते काम स्वतःहून घेतलं. शाळेतून आली की मी तिला तिथे सोडते, ती तिचं पुस्तक वाचते आणि तो ऐकलेलं वाक्य परत म्हणतो. सुरुवातीला दोघं हसून लोळायची, कारण वाक्यांची पार वाट लागायची. मग हळूहळू कमी लागायला लागली.

संगीत अजून आलेलं नाही. तो रोज थोडा वेळ मिलगेट्स लावतो, चिकाटीने, औषध घ्यावं तसा. ताल कळतो, सूर नाही. एक जुनी बेस गिटार त्याने विकत आणली आहे आणि ती तो यंत्र काढून, पोटाशी घट्ट धरून वाजवतो. घट्टे यायला लागलेत. भांडी पुसताना गुणगुणतो, पण काकू म्हणते की पार बेसूर, तिन्ही सप्तकांच्या बाहेर. सांगताना ती हसते.

तुम्ही त्या बाजूला जाणार असाल तर जरूर जा. तळं सुंदर आहे, मासा ताजा असतो, रस्ते रिकामे. संगीताची आवड नसली तरी डान्स हॉलच्या त्या जमिनीवर एकदा चालून या. मी स्वतः मिलगेट्सची भक्त वगैरे झाले नाही. पण हल्ली ऑफिसला जाताना कुठलंही गाणं लागलं की माझा कान आधी तळाशी जातो, तिथे कुणी गातंय का बघायला. मराठी गाण्यांतसुद्धा. काकाचा शशी मला आता दोन-तीन ठिकाणी सापडलाय, असं मला वाटतं.

मागच्या आठवड्यात ईराला आणायला गेले तर त्यांचं वाचन चालू होतं. मी दारातच थांबले. ईरा एकदम पुस्तक खाली ठेवून शाळेतल्या कुठल्याशा भांडणाबद्दल बोलायला लागली, भरभर, नेहमीच्या खिचडीत, मैत्रिणींची नावं, कोण कुणाला काय म्हणालं. काका मान पुढे करून ऐकत होता. मध्येच त्याने विचारलं, "पण मग मेडिसनने सॉरी म्हटलं का नाही?" ईरा म्हणाली, "एक्झॅक्टली, आजोबा!" आणि पुढे सुरू.

निघताना मी त्याला विचारलं, गाण्यांचं वाईट वाटतं का रे अजून.

"वाटतं ना," तो म्हणाला. "पण गाणी मला पाठ आहेत गं. ही काय बोलते ते कुठे पाठ होतं?"

मग तो ईराकडे वळला. ती बुटाची नाडी बांधत होती. "उद्या लवकर ये," त्याने तिला सांगितलं, "त्या मेडिसनचं काय झालं ते कळलं पाहिजे."